प्रॉप बदलला आणि वेक वाढला? आधी स्टॉपवॉच काढा

सीझन सुरू झाला की आमचा, म्हणजे स्की बोटींचे प्रॉप (बोट पुढे ढकलणारे पाण्यातले पंखे) विकणाऱ्यांचा, फोन वाजायला लागतो आणि दर दोन-चार फोनमागे एक वाक्य ठरलेलं, "तुमचा प्रॉप लावला तेव्हापासून वेक कडक झालाय, परत घ्या." वेक म्हणजे बोटीमागे उठणारी लाट. आम्ही घेतो. मोजतो. पिच बरोबर, कप बरोबर (दोन्ही काय ते पुढे येतंच), पाती एकमेकांशी जुळतायत, बॅलन्स ठीक. मग तोच प्रॉप पुन्हा पॅक करून परत. यात तुमचे पंधरा दिवस गेले, आमचे दोन-तीन तास गेले, आणि बोट तेवढे दिवस शेडमध्ये उभी राहिली. म्हणून हे पत्रक. इनबोर्ड स्की बोट, म्हणजे आत इंजिन बसवलेली, स्कीअरला दोराने ओढणारी बोट, तुम्हाला माहितीच आहे, त्यात जास्त वेळ घालवत नाही.

सगळ्यात आधी ती एक चूक, कारण परत येणाऱ्या प्रॉपपैकी बहुतेक त्याच एका चुकीमुळे येतात. नवीन प्रॉप लावून जुन्या आरपीएमवर बोट चालवणं.

समजा जुना प्रॉप १३ बाय १३ (व्यास आणि पिच, इंचात) होता. डायरेक्ट ड्राइव्ह बोट (इंजिनचे फेरे थेट प्रॉपला), ३३०० आरपीएमला बरोब्बर ताशी ५८ किलोमीटर, आणि हे ड्रायव्हरला इतकं पाठ की स्पीडोमीटरकडे तो बघतही नाही. एका बोटीत तर मी डॅशवर मार्करने काढलेली रेघ बघितलीय, टॅकोमीटरच्या काचेवरच, बाजूला "५८" लिहिलेलं. आता आम्ही बसवला १३ बाय १२. पिच म्हणजे प्रॉप एका फेऱ्यात थेअरीत किती इंच पुढे सरकेल तो आकडा, प्रत्यक्षात पाणी घसरतं म्हणून दहा-बारा टक्के कमीच सरकतो. तेराचा बारा झाला म्हणजे त्याच ३३०० ला बोट तेराव्या हिश्शाने मागे पडली, ५८ च्या जागी साडेत्रेपन्न. ड्रायव्हरच्या काचेवरची रेघ मात्र तिथेच आहे! तो काटा रेघेवर आणतो, खूष होतो, आणि मागे स्कीअर शिव्या घालतो की वेक वाढला. वाढणारच. स्पीड कमी झाला की हल, म्हणजे बोटीचं बूड, पाण्यातून तेवढी वर येत नाही, मागची बाजू जास्त खोल बसते, जास्त पाणी ढकलते. तो वेक ५३ चा आहे, प्रॉपचा नाही. ५८ परत हवे असतील तर या प्रॉपवर साधारण ३५७५ आरपीएम लागतील, म्हणजे पावणेतीनशे वर.

खात्री करायला आमच्याकडे यायची गरज नाही. स्लॅलम कोर्स (स्कीअर बॉयांभोवती नागमोडी जातो ती वाट) आत शिरायच्या गेटपासून बाहेर पडायच्या गेटपर्यंत २५९ मीटर असतो. स्टॉपवॉच घ्या. ५८ ला १६.०८ सेकंद लागतात, ५५ ला १६.९५, ५२ ला १७.९३. वरच्या उदाहरणातला ड्रायव्हर मोजेल तर त्याला साडेसतराच्या आसपास आकडा दिसेल आणि तिथेच भांडण मिटेल. आम्हाला फोन करताना हा सेकंदांचा आकडा हाताशी असला तर अर्धं काम झालं समजा. नसला तर आम्ही पहिला प्रश्न तोच विचारणार आणि तुम्ही वैतागणार.

ज्यांच्याकडे झिरो ऑफ (बोटीचा स्पीड आपोआप धरून ठेवणारी सिस्टीम) आहे ते म्हणतील आमचं सगळं जीपीएसवर चालतं, आम्हाला काय फरक पडतो. स्पीडचा नाही पडत, खरंय. पण ओढ बदलते. स्कीअर वेकमागे झुकून खेचतो तेव्हा सिस्टीम थ्रॉटल उघडते, आणि ते उघडल्यावर बोट किती पटकन उत्तर देते हे प्रॉपवर आहे. कमी पिचचा प्रॉप चटकन उचलतो, जास्त पिचचा जरा जड वाटतो. म्हणजे जुन्या प्रॉपवर तुम्हाला बी टू (झिरो ऑफचं ओढीचं एक सेटिंग) आवडत असेल तर नव्यावर तोच बी टू वेगळा लागेल, एखादं अक्षर किंवा नंबर मागेपुढे करून बघा मग बोला. आणि जुनं आरपीएमवर चालणारं पर्फेक्ट पास (तेही स्पीड धरणारंच) असेल तर प्रॉप बदलल्यावर बेसलाइन नव्याने सेट करावीच लागते, ते न करता पाण्यात उतरणं म्हणजे काचेवरच्या रेघेचीच इलेक्ट्रॉनिक आवृत्ती.

बरं, स्पीड बरोबर आहे, तरी वेक आवडत नाही. आता प्रॉपचा वाटा किती ते स्पष्ट सांगतो, प्रॉप विकणारा असून सांगतो. वेक मुळात हल तयार करते. हलचा आकार, वजन, स्पीड, बोट पाण्यात पुढेमागे कशी बसलीय, पाणी किती खोल आहे, यातून नव्वद टक्के गोष्ट ठरून गेलेली असते (नव्वद हा माझा अंदाज, फूटपट्टीने मोजलेला नाही). प्रॉप उरलेल्यात हात घालतो, आणि तीन ठिकाणी घालतो.

पहिलं, कल. प्रॉप एका बाजूला फिरतो तर बोट उलट्या बाजूला कलू बघते. मागून बघताना प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर बोट डावीकडे दबते. आणि स्पीड तोच ठेवून पिच वाढवला तर आरपीएम उतरतात, पण काम तेवढंच करायचं असल्यामुळे शाफ्टवरचा (प्रॉप फिरवणाऱ्या दांड्यावरचा) टॉर्क, म्हणजे पीळ, वाढतो, म्हणजे कलही थोडा वाढतो. बोट कलली की दोन्ही बाजूंचे वेक सारखे राहत नाहीत, एक कडक एक मऊ. जे लोक म्हणतात "मला एकाच बाजूला गचका बसतो" त्यांच्यासाठी ही माहिती, पण त्यांनी आधी पुढची गोष्ट वाचावी.

एक गिऱ्हाईक असंच एका बाजूच्या वेकवरून महिनाभर हैराण. दोन प्रॉप ट्रायलला नेले, दोन्ही परत. शेवटी मीच त्यांच्या बोटीत बसलो. ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला मागच्या सीटखालचं झाकण उचललं तर आत बॅलास्टची (बोट जड करायला पाणी भरतात ती) पिशवी, निम्म्याहून जास्त भरलेली. मुलं वेकबोर्डिंगला बोट घेऊन गेली होती आणि रिकामी करायचं राहून गेलं होतं. पिशवी रिकामी केली, त्यांचा जुना प्रॉप परत चढवला, आणि साहेब पहिल्याच पासला (कोर्समधल्या फेरीला) हसत आले. मी काहीच विकलं नाही त्या दिवशी. पुढच्या वर्षी तेच प्रॉप रिपेअरला आमच्याकडे घेऊन आले, तेव्हा नुकसान काही झालं नाही म्हणायचं.

दुसरं, मागची बाजू. इनबोर्डमध्ये शाफ्ट मागे खाली उतरत जातो, त्यामुळे प्रॉपचा जोर नुसता पुढे नाही तर थोडा वरही लागतो आणि बोटीची मागची बाजू उचलायला मदत होते. पात्याचा आकार आणि कप बदलला की या उचलण्यात फरक पडू शकतो, पण तो बारीक असतो. मागच्या सीटवर एक जाडा मित्र बसवलात की हा सगळा फरक धुऊन निघाला.

तिसरं, फेस. दोन वेकच्या मधला जो सपाट पट्टा आहे तिथे प्रॉपने घुसळलेलं पाणी येतं. पातं वाकलेलं असेल, कडेला खाच असेल, तर घुसळण वाढते आणि वेक चढतानाच स्कीखाली खडबडीत लागतं. स्कीअर त्यालाही "कडक वेक" म्हणतो, पण हा उंचीचा प्रश्न नाहीच, हा पृष्ठभागाचा प्रश्न आहे. आणि इथे मात्र प्रॉप नीट केला की फरक लगेच कळतो. चार पात्यांच्या प्रॉपमध्ये भार जास्त पात्यांवर वाटला जातो, थरथर कमी होते, म्हणूनच स्की बोटींवर आता बहुतेक चारच दिसतात. तीन पात्यांचा वाईट असतो असं नाही, टॉप स्पीडला तो कधीकधी पुढेही जातो, पण स्लॅलमला टॉप स्पीड कुणाला हवाय.

आता कपबद्दल, कारण इथे नंबर बघून माल मागवणारे फसतात. प्रॉप हातात घ्या, पात्याच्या मागच्या कडेवरून नख फिरवा. शेवटाला एक बारीक वळलेली ओठासारखी किनार लागेल, तो कप. त्याच्यामुळे पातं पाणी धरून ठेवतं, घसरण कमी होते, आणि परिणाम पिच वाढवल्यासारखा होतो. हा कप इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ०.०८० आणि ०.१०५ यातला फरक म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि वर थोडा, दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली तेवढा, पण आरपीएमवर तो दिसतो. त्यामुळे दोन प्रॉपवर "१३ बाय १२" एकच ठोकलेलं असलं तरी ते दोन वेगळे प्रॉप असू शकतात. कुणी हातोडीने ठोकून "सरळ" केलेल्या प्रॉपमध्ये पहिला बळी या किनारीचाच जातो. फोनवर नंबर विचारून आम्ही लगेच प्रॉप का सुचवत नाही याचं उत्तर हेच. जुना प्रॉप आधी स्कॅन करतो, चारही पाती वेगवेगळी मोजतो, मगच बोलतो. काहींना वाटतं आम्ही वेळ काढतो. काढतो खरा, पण तो एकदाच.

व्यास वाढवून बघू का, असंही विचारतात. बघा, पण पात्याचं टोक आणि हल यात व्यासाच्या दहा टक्के तरी फट हवी, १३ इंचाला सव्वा इंचापेक्षा थोडी जास्त. त्याहून कमी झाली की प्रत्येक पातं जाताना हलवर धक्का देतं आणि सीटखालून घूं घूं ऐकू येतं.

आणि एक मर्यादा आम्ही ओलांडत नाही, कितीही गोड बोललात तरी. फुल थ्रॉटलला इंजिन त्याच्या कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात पोचलंच पाहिजे. वेक मऊ व्हावा म्हणून इतका जास्त पिच लावायचा की इंजिन कण्हत राहील, हे काम आमच्याकडे होत नाही. स्पर्धेला बोट देणाऱ्यांनी हेही बघावं की मान्यता मिळालेल्या बोटीबरोबर प्रॉपही ठरलेला असतो, तो बदलून तुम्ही सराव छान कराल पण तो सराव दुसऱ्याच बोटीवरचा.

तुलना करायची असेल तर एकाच दिवशी करा. जुना प्रॉप, चार पास, नवा प्रॉप, चार पास. पेट्रोल तेवढंच, माणसं तीच आणि त्याच जागी, पाणी तेच, दोर तोच. दोराचं विशेष सांगतो, कारण तो सगळे विसरतात. दोर जितका लांब तितका स्कीअर वेक बोटीपासून लांब कापतो, आणि तिथला वेक वेगळा असतो. कित्येक बोटींमध्ये १६ मीटरला, आपल्या भाषेत बावीस ऑफला (पूर्ण दोरापेक्षा बावीस फूट आखूड), उंचवटा जास्त लागतो, आणि तोच स्कीअर १४.२५ ला गेला की शांत होतो. मागच्या आठवड्यात १४.२५ वर जुना प्रॉप, या आठवड्यात १६ वर नवा, आणि खापर प्रॉपवर. कृपा करून असं करू नका. उथळ पाण्यातही करू नका, तिथे वेक वेगळाच वागतो.

ट्रायलसाठी प्रॉप आम्ही देतो, तुमच्या शाफ्टचा टेपर (टोकाकडचा निमुळता भाग) आणि फिरण्याची दिशा सांगा म्हणजे झालं, हबवर एलएच किंवा आरएच ठोकलेलं असतं. दगडाला लावून आणलात तर तो तुमचा झाला. प्रॉप काढताना पुलर वापरा, हातोडी नको, आणि नट पूर्ण काढू नका, शेवटच्या एक-दोन आट्यांवर राहू द्या, कारण टेपरवरून प्रॉप सुटतो तेव्हा एकदम सुटतो आणि खाली बहुतेक वेळा कुणाचा तरी पाय असतो. शाफ्टच्या खाचेतली चावी (प्रॉप शाफ्टवर घसरू न देणारी धातूची छोटी पट्टी) काढून खिशात ठेवा. प्रॉप आमच्याकडे बऱ्याचदा येतो, चावी मात्र तळ्याच्या तळाशी राहते, आणि मग तिच्यासाठी वेगळा फोन येतो.