ताबा-प्रस्ताव आणि संचालक मंडळाची कर्तव्ये

कंपनीचे नियंत्रण दुसऱ्याच्या हाती जाऊ घातले असता तिच्या संचालक मंडळाने कोणाच्या हितासाठी आणि किती काळजीने निर्णय घ्यावा, याविषयीचे कायदेशीर दंडक. भागधारकांची तक्रार बहुधा भावावरून सुरू होते, पण तिचे मूळ खोलवर असते. कंपनी विकली गेली तर संचालकांच्या खुर्च्या जातात, नाहीतर नव्या मालकाकडे त्या पक्क्या होतात. त्यामुळे होकार असो की नकार, त्यामागे स्वार्थाचा संशय राहतोच.

संचालकांकडून दक्षता आणि निष्ठा अपेक्षित असते. एरवी प्रामाणिकपणे, माहिती घेऊन केलेला निर्णय फसला तरी न्यायालये त्यात हात घालत नाहीत. ताब्याच्या प्रसंगी मात्र ही मोकळीक आखडते. याबाबतचे गाजलेले निवाडे अमेरिकेतील डेलावेअर राज्याचे आहेत, कारण तेथील बड्या कंपन्यांपैकी पुष्कळांची नोंदणी त्याच राज्यात असते.

‘स्मिथ विरुद्ध व्हॅन गॉर्कम’ (१९८५) हा त्यांतला सर्वांत बोलका. ट्रान्स युनियन कंपनीचा शेअर ३८ डॉलरच्या आसपास असताना अध्यक्षांनी ५५ डॉलरला विक्री ठरवली. मंडळापुढे त्यांनी सुमारे २० मिनिटे तोंडी माहिती दिली. दोनेक तासांत मंजुरी मिळाली, आणि करारावर सही झाली ती त्याच संध्याकाळी, ऑपेराच्या समारंभात. सहीपूर्वी करार संचालकांपैकी कोणीच वाचला नव्हता. भाव बाजारापेक्षा घसघशीत होता, तरीही न्यायालयाने संचालकांना घोर निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. कंपनीची खरी किंमत किती, हे कोणी तपासलेच नव्हते. पुढे १९८६मध्ये राज्याने कायदा बदलून, निव्वळ दक्षतेतील कसुरीसाठी संचालकांना नुकसानभरपाईतून सूट देण्याची मुभा कंपन्यांना दिली. दरम्यान, सौद्याआधी भाव रास्त आहे का, याविषयी गुंतवणूक बँकेचे मत मागवण्याची प्रथा रूढ झाली. त्या बँकेचे शुल्क अनेकदा सौदा पुरा होण्यावरच अवलंबून असते, हा भाग निराळा.

नकाराचीही परीक्षा होते. ‘युनोकल’ खटल्यानुसार (१९८५) कंपनीला धोका असल्याचे मंडळाला वाजवी कारणांनिशी दाखवावे लागते, आणि योजलेला बचाव त्या धोक्याच्या प्रमाणात असावा लागतो. ‘पॉयझन पिल’ हा अशा बचावाचा प्रसिद्ध प्रकार. त्यात ठराविक मर्यादेपलीकडे शेअर गोळा करणाऱ्याला वगळून बाकीच्यांना स्वस्तात नवे शेअर घेण्याचा हक्क मिळतो. ‘रेव्हलॉन’ निकालाने (१९८६) आणखी एक रेषा आखली: कंपनी विकायचीच ठरली, की मंडळाने किल्लेदारी सोडून लिलाव पुकारणाऱ्यासारखे वागावे आणि भागधारकांना जास्तीत जास्त भाव मिळवून द्यावा.

ब्रिटनची वाट वेगळी. तेथे प्रस्ताव आल्यावर भागधारकांच्या संमतीविना तो हाणून पाडण्याची मंडळाला मुभाच नाही. भारतात शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०११च्या विनियमांनुसार २५ टक्के मतदान-हक्कांचा टप्पा गाठणाऱ्याला किमान आणखी २६ टक्क्यांसाठी खुला प्रस्ताव, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्याची जाहीर तयारी, द्यावा लागतो. त्यावर लक्ष्य (म्हणजे जिचा ताबा घेतला जात आहे त्या) कंपनीच्या स्वतंत्र संचालकांची समिती सकारण शिफारस प्रसिद्ध करते. शेअर द्यायचे की ठेवायचे, हे त्यानंतरही भागधारकच ठरवतो.