तेरा पायऱ्यांचा फेरा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरामागे लोखंडी गोल जिना होता. मधे खांब आणि त्याला जडवलेल्या त्रिकोणी पायऱ्या. आम्ही भावंडं त्या मोजत चढायचो. बरोबर तेरा झाल्या की तोंड पुन्हा विहिरीकडे. हा आकडा डोक्यात इतका बसला की कॉलेजात डीएनएचं चित्र पाहिल्यावर पहिली शंका हीच आली: याच्या एका फेऱ्यात पायऱ्या किती? उत्तर निघालं साडेदहा. तेरा पायऱ्यांचा जिना मला बऱ्याच वर्षांनी वाचनात सापडला. त्याची एक बाजू डीएनएची होती, दुसरी माणसानं घडवलेली.

आधी साडेदहाचा हिशेब. डीएनएच्या पायऱ्या म्हणजे अक्षरांच्या जोड्या, ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’. ३६० अंशांना साडेदहाने भागलं की कळतं, प्रत्येक पायरी खालचीपेक्षा साधारण ३४ अंशांनी वळलेली आहे. दोन्ही बाजूंचे कठडे साखर आणि फॉस्फेटचे. फॉस्फेटवर ऋण भार असतो आणि दोन्ही कठडे त्यानं खच्चून भरलेले. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या भावांना एकाच वाड्यात समोरासमोरच्या खोल्या द्याव्यात, तसा हा संसार. मिठातले सोडियम आयन मधे पडतात म्हणून निभतं. पाण्यातलं मीठ कमी केलं की दोन पेड, म्हणजे दोन कठडे आपापल्या अक्षरांसकट, सैल पडायला लागतात.

१९९१ साली कोपनहेगनमध्ये पीटर नील्सन, मायकेल एगहोम, रॉल्फ बर्ग आणि ओले बुकार्ट यांनी हा कठडाच बदलला. संगणकावरच्या डीएनएतून साखर-फॉस्फेट काढून टाकलं आणि तिथे प्रथिनांत असतात तशा अमाइड बंधांचा कणा बसवला. अक्षरं तीच ठेवली. अंतरंही मापात: डीएनएच्या कण्यात एका अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत सहा बंध लागतात, इथेही सहाच. भार मात्र शून्य. या रेणूला पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल, म्हणजे पीएनए म्हणतात. नावाबद्दल माझी जुनी तक्रार आहे. यातला पेप्टाइड अस्सल नाही, आणि आम्लपणा होता तो फॉस्फेटचा. तोच काढल्यावर आम्ल कशाला म्हणायचं? पण नाव पडलं ते पडलं.

मूळ बेत साधा होता. डीएनएच्या दोन पेडांमधल्या रुंद खाचेत पीएनएनं बाहेरून अलगद जाऊन बसावं आणि तिथली अक्षरं ओळखावीत, आतल्या जोडप्याला धक्का न लावता. प्रत्यक्षात पाहुण्यानं घराचा ताबा घेतला. पीएनएचे दोन पेड डीएनएच्या एका पेडाला दोन्हीकडून बिलगले आणि दुसरा पेड बाहेर ढकलला गेला. तो बिचारा फास काढल्यासारखा बाजूला लोंबकळत राहतो. आत उरते ती तिपेडी वेणी: दोन पेड पीएनएचे, एक डीएनएचा. टी आणि सी अशा अक्षरांच्याच पीएनएला हे विशेष जमतं, कारण त्यातला एक पेड नेहमीच्या पद्धतीनं जोडी बांधतो आणि दुसरा त्याच अक्षराची रिकामी राहिलेली कड पकडतो.

या वेणीचा स्फटिक करून क्ष-किरणांनी तिची रचना काढली गेली ती १९९५ साली. एका फेऱ्यात पायऱ्या सोळा. प्रत्येक पायरी अवघी साडेबावीस अंश वळलेली, म्हणजे जिना अगदी ऐसपैस. डीएनएची जाडी सुमारे २ नॅनोमीटर, हिची सुमारे २.६. आमच्या जिन्याचा मधला खांब उपटून घ्यावा, पायऱ्या बाहेरच्या कठड्यांवर तोललेल्या राहाव्यात आणि वरून डोकावलं तर सरळ खालची फरशी दिसावी, तसं या वेणीच्या मधोमध आरपार भोक असतं. निसर्गातल्या ए आणि बी घाटांत (बी डीएनएचा नेहमीचा, ए त्याच्या भाऊबंदाचा, आरएनएचा) हा घाट बसेना, म्हणून त्याला पी हे वेगळं अक्षर मिळालं.

मला स्वतःला या वेणीपेक्षा साध्या जोड्यांची गोष्ट जास्त आवडते. पीएनएचा एकच पेड आरएनएशी जुळवला (१९९४), तर जोडीचा घाट बराचसा आरएनएच्या नेहमीच्या ए घाटासारखाच निघाला. आरएनए हटवादी, पीएनएनं मुकाट जुळवून घेतलं. डीएनएशी जुळवला (१९९६), तर एका फेऱ्यात तेरा पायऱ्या, म्हणजे आमचा जिना! हा घाट ना धड ए, ना धड बी. दोघांनीही थोडं थोडं सोडलेलं. आणि पीएनएची पीएनएशीच जोडी लावली (१९९७), तेव्हा त्याचा खरा स्वभाव कळला: अठरा पायऱ्या, २.८ नॅनोमीटर जाडी. त्याहून गंमत म्हणजे त्या स्फटिकात उजवीकडे वळणारे आणि डावीकडे वळणारे असे दोन्ही जिने होते. साध्या पीएनएला डावं-उजवं कळतच नाही. ते वळण त्याला डीएनए किंवा आरएनए लावतं. सोयरीक कोणाशी जमली, यावर घाट ठरतो. अक्षरं मात्र या सगळ्यांत तीच.

आता एवढं मोजून करायचं काय, हे नागपूरच्या माणसाला समजावणं सोपं आहे. सिकलसेल हा शब्द विदर्भात उलगडून सांगावा लागत नाही. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी येतं. एका अक्षराची चूक, पण तिच्यापायी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

एक अक्षर चुकलंय हे ओळखायला पीएनए पटाईत आहे. १९९३ साली पंधरा अक्षरांचे तुकडे घेऊन हे मोजलं होतं. डीएनए-डीएनए जोडी ५३ अंश सेल्सिअसच्या आसपास सुटली, तीच अक्षरं असलेली पीएनए-डीएनए जोडी ७०च्या आसपास. कठड्यांचं भांडणच नाही, त्यामुळे पकड घट्ट. मग मधलं एकच अक्षर मुद्दाम चुकवलं. डीएनएच्या जोडीचं सुटण्याचं तापमान सरासरी ११ अंशांनी उतरलं, पीएनएचं १५ अंशांनी. घट्ट धरणारा माणूस सहसा चूक खपवून घेतो. इथे घट्ट धरणाराच जास्त चिकित्सक निघाला.

शिवाय न्यूक्लिइक आम्लं चावणारी विकरं आणि प्रथिनं चावणारी विकरं, दोघंही याला तोंड लावत नाहीत. हा गुण खरा, पण त्याच्या जोडीला दोन खोडी आहेत. पीएनए पाण्यात नीट विरघळत नाही आणि पेशीच्या दारात अडून बसतो. त्यात कण्याला ताठपणा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णा गणेश आणि वैजयंती कुमार यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी कण्यात लहान कडी गुंफून त्याला आधीच हवा तसा वाक दिला. सहा कार्बनांची कडी विशिष्ट बाजूनं बसवली, तेव्हा त्या पीएनएचा ओढा डीएनएपेक्षा आरएनएकडे झाला. नुसत्या वाकावर आवडनिवड बदलते, हे पाहून मी तरी थक्क झालो. दुसरी वाट गॅमा-पीएनएची. कण्यातल्या एका ठरावीक कार्बनला शेपटी जोडली की कणा डीएनए भेटण्याआधीच उजवं वळण घेऊन तयार बसतो.

असलं गॅमा-पीएनए अतिसूक्ष्म कणांत भरून, सोबत दुरुस्त डीएनएचा तुकडा देऊन, येल विद्यापीठातल्या गटानं ते बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या उंदरांच्या शिरेत सोडलं आणि त्यांचा रक्तक्षय सुधारल्याचं २०१६ साली जाहीर केलं. जनुक तेच, सिकलसेलचं. प्रयोग उंदरांवरचा, हे विसरायचं नाही. सिकलसेलवर २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्परचा, म्हणजे डीएनए कापणाऱ्या कातरीचा, उपचार वेगळा. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून बदलाव्या लागतात. उंदरांतल्या या पीएनएत कातरी नव्हतीच. त्यानं फक्त चुकीच्या जागेजवळ शिरून वेणी घातली. पेशीची दुरुस्ती करणारी प्रथिनं डीएनएवरून सतत फिरत असतात. साडेदहा पायऱ्यांच्या जिन्यात मधेच असा फुगीर, अनोळखी घाट आला की त्यांना तिथे मोडतोड झाल्यासारखी वाटते. ती कामाला लागतात, आणि नमुना म्हणून जवळचाच दुरुस्त तुकडा उचलतात.