पिरॅमिडेन

पिरॅमिडेन : आर्क्टिकमधील स्वालबार्ड द्वीपसमूहातले, ओस पडलेले कोळसा-खाणीचे गाव. मागचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा, पिरॅमिडसारखा. नाव त्यावरूनच पडले. अक्षांश सुमारे ७८° ३९' उ.

स्वीडिश लोकांनी १९१० मध्ये येथे बस्तान मांडले आणि १९२७ मध्ये ते सोव्हिएत संघाला विकून टाकले. भूमी नॉर्वेची आणि गाव सोव्हिएतांचे हे कसे, याचे उत्तर १९२० च्या स्वालबार्ड करारात आहे : सार्वभौमत्व नॉर्वेचे, पण करारातील सर्व देशांच्या नागरिकांना उद्योगधंद्याची समान मुभा. (भारतही या करारात आहे. याच द्वीपसमूहातल्या न्यू-ऑलेसुन्न या दुसऱ्या जुन्या खाणगावात २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे.) दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, गाव रिकामे करण्यात आले, खरी भरभराट झाली ती त्यानंतर.

१९८० च्या दशकात वस्ती हजारावर गेली होती. कोळसा हे कारण होतेच, पण पाश्चात्त्यांच्या अंगणात समाजवादाचा संसार थाटून दाखवण्याची हौसही त्यामागे होती असे गावाकडे पाहून वाटते. गरम पाण्याचा जलतरण तलाव, सांस्कृतिक भवन, त्यात भव्य पियानो, गायी-डुकरांचे गोठे, भाजीसाठी काचघर. चौकात हिरवळ हवी म्हणून माती जहाजाने आणली. तिच्या टोकाला लेनिनचा अर्धपुतळा, नजर समोरच्या हिमनदीकडे. रहिवाशांनी मात्र नावे आपल्या मनाने ठेवली : एकट्या पुरुषांची इमारत ‘लंडन’, एकट्या बायकांची ‘पॅरिस’, आणि जिथे पोरे व्हरांड्यातून धुडगूस घालत ते कुटुंबांचे घर म्हणजे ‘वेड्यांचे घर’.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि हा डोलारा पोसणारा हातच आखडला. २९ ऑगस्ट १९९६ रोजी खाणकामगार व त्यांच्या कुटुंबीयांना आणणारे विमान स्वालबार्डचे मुख्य गाव लाँगयिअरब्येन याच्याजवळ डोंगरावर आदळून १४१ जण ठार झाले. एवढ्याशा समाजात ओळखीचे कोणी गेले नाही असे घर विरळाच असेल. ३१ मार्च १९९८ रोजी खाण बंद झाली. त्याच वर्षी लोकही गेले.

थंड, कोरड्या हवेमुळे इमारती अजून धड आहेत. हॉटेल पुन्हा उघडले आहे, मूठभर राखणदार राहतात, पर्यटक उन्हाळ्यात बोटीने येतात. ध्रुवीय अस्वलांच्या भीतीने वाटाड्याच्या खांद्यावर बंदूक असते. खिडक्यांच्या कठड्यांवर कुरव पक्ष्यांची घरटी ओळीने भरलेली असतात, आणि गलका पूर्वीइतकाच.