क्लथनरोधक मात्रा, तीव्र विषाणुजन्य श्वसनसंसर्गातील

रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या पायांतील शिरांत किंवा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ नयेत, झालेल्या वाढू नयेत, यासाठी द्यावयाच्या औषधाचे प्रमाण. २०२० पासून ही संज्ञा प्रामुख्याने कोविड-१९ च्या संदर्भात येते. औषध बहुधा हेपारिन किंवा त्याचे कमी रेणुभाराचे रूप एनॉक्सापरिन असते. कोकणात बोलताना ‘रक्त पातळ करायची सुई’ किंवा नुसते ‘पोटातली सुई’ म्हणतात. पहिले नाव रूढ असले तरी फसवे आहे. हेपारिनने रक्ताचा दाटपणा बदलत नाही, रक्त साखळण्याची क्रिया मंदावते. रक्तातील गोठणे रोखणाऱ्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला चिकटून हेपारिन त्याचे काम कित्येक पटींनी वेगवान करते, एवढाच त्याचा व्यापार. ‘पातळ’ या शब्दामुळे मात्र नातेवाईक सुई सुरू असताना रुग्णाला भरपूर पाणी पाजतात, आणि सूज असलेल्या फुप्फुसांना ते मानवत नाही.

उगम : हेपारिनच्या शोधाचे साल सामान्यतः १९१६ दिले जाते आणि श्रेय बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याला. हे श्रेय वादग्रस्त आहे. विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत मॅक्लीन रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतापासून व हृदयापासून काढलेले काही अर्क उलट गोठणे लांबवतात, असे त्याला आढळले. हॉवेल यांनी एमेट होल्ट यांच्यासह १९१८ मध्ये यकृतातील अशा पदार्थाला ग्रीक ‘हेपार’ म्हणजे यकृत यावरून हेपारिन हे नाव दिले. मॅक्लीनचा पदार्थ मेदवर्गीय असावा, असे पुढील अभ्यासकांना वाटते. हॉवेल यांनी १९२० च्या दशकात पाण्यात विरघळणारा, शर्करावर्गीय पदार्थ मिळवला आणि आजचे हेपारिन हे त्याचेच वंशज आहे. मॅक्लीनने पुढे, हॉवेल यांच्या निधनाच्या आसपास आणि नंतर, आपला दावा अधिक जोराने मांडला. निरीक्षण मॅक्लीनचे आणि पदार्थ हॉवेल यांचा, अशी वाटणी अधिक सयुक्तिक दिसते. औषध म्हणून वापरता येईल इतके शुद्ध हेपारिन १९३० च्या दशकात टोरांटोत चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने तयार केले. त्याची रासायनिक घडण स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांनी उलगडली. यकृत केव्हाच मागे पडले. आज हेपारिन मुख्यत्वे डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील मुस्लिम कुटुंबांकडून याविषयी विचारणा होते. त्यांना खरे ते सांगावे आणि पूर्णतः संश्लेषित असलेल्या फॉन्डापरिनक्सचा पर्याय समोर ठेवावा.

मात्रेचे आकडे : प्रतिबंधक (गुठळी होऊ नये म्हणून द्यायच्या) मात्रेचे दोन आकडे सर्वत्र ऐकू येतात, हेपारिनचे ५,००० एकक आणि एनॉक्सापरिनचे ४० मिलिग्रॅम. दोन्हींमागे ठरावीक अभ्यास आहेत. लंडनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेल्या बहुदेशीय चाचणीत शस्त्रक्रियेच्या ४,१२१ रुग्णांपैकी निम्म्यांना दर आठ तासांनी ५,००० एकक हेपारिन कातडीखाली दिले. निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले : फुप्फुसातील गुठळीने औषध न दिलेल्या गटात १६ मृत्यू, दिलेल्या गटात २. शस्त्रक्रिया नसलेल्या, आजारपणाने दाखल रुग्णांसाठी ४० मिलिग्रॅमचा आकडा १९९९ च्या मेडेनॉक्स अभ्यासातून पक्का झाला. त्यात गुठळ्यांचे प्रमाण औषधाविना १४.९ टक्के, तर ४० मिलिग्रॅमने ५.५ टक्के होते. २० मिलिग्रॅमचा उपयोग दिसला नाही.

हे आकडे वजन न पाहता ठरलेले आहेत, आणि कोकणातील वॉर्डात नेमकी अडचण तिथेच येते. ४२ किलोच्या मासळीविक्रेत्या बाईला ४० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे जवळपास एक मिलिग्रॅम. कोविड-काळात याच प्रमाणाला ‘मध्यम मात्रा’ म्हटले गेले. ४५ किलोहून हलक्या स्त्रिया व ५७ किलोहून हलके पुरुष यांच्या शरीरात नेहमीच्या प्रतिबंधक मात्रेचा प्रभाव अधिक राहतो, असे औषधाच्या माहितीपत्रकातच नमूद असते. कोविडविषयक भारतीय मार्गदर्शनाने (एप्रिल २०२१) वजनाचा हिशोब धरला : मध्यम आजारात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, तीव्र आजारात तेवढीच मात्रा दोनदा. पण त्यासाठी वजन ठाऊक हवे. ऑक्सिजनवरच्या रुग्णाला काट्यावर उभे करता येत नाही; लेकाला विचारले की ‘पन्नासेक आसात’ असे उत्तर येते आणि केसपेपरवर ५० लिहिले जाते. भरून येणाऱ्या सिरिंजा २०, ४०, ६० अशा ठरलेल्या मापांच्या, त्यामुळे हिशोबाचा आकडा शेवटी जवळच्या सिरिंजेवर येऊन थांबतो.

उपचारात्मक (झालेल्या गुठळीवर द्यायची) मात्रा किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल तर हीच मात्रा दिवसातून एकदाच. अशा रुग्णात साधे हेपारिन सोयीचे, कारण ते लवकर ओसरते : ८० एकक प्रतिकिलो एकदम, मग ताशी १८ एकक प्रतिकिलो शिरेतून. पण त्याला इन्फ्युजन पंप, अखंड वीज आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी) चाचणी तिन्ही लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वीजपुरवठा अनेक गावांत दीर्घकाळ खंडित होता. अशा वेळी पंपापेक्षा कातडीखालची सुई बरी. एनॉक्सापरिनला शीतपेटीही लागत नाही, २५ अंशांखाली ठेवले की पुरते. अर्थात मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली तेही गृहीत धरता येत नाही.

सुई टोचण्याचे तंत्र साधे असले तरी चुकते. बेंबीपासून दोन बोटे दूर, कातडीची घडी चिमटीत धरून सरळ टोचायची, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही, नंतर चोळायचे नाही. पूर्ण सिरिंज द्यायची असल्यास आतला हवेचा बुडबुडाही काढायचा नाही. चोळले की जांभळे-हिरवे डाग पडतात आणि घरची मंडळी डॉक्टरांनी ‘रक्त फार पातळ केले’ असे समजतात.

किती द्यावे, हा वाद : मार्च-एप्रिल २०२० मध्ये वुहानच्या ४४९ तीव्र रुग्णांच्या नोंदींत, डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा प्रथिनाचा तुकडा) खूप वाढलेल्यांत हेपारिन घेणारे अधिक वाचल्याचे दिसले. पाठोपाठ नेदरलँड्समधून अतिदक्षता विभागातील १८४ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांत गुठळ्या आढळल्याची माहिती आली. नेहमीची मात्रा अपुरी, असा समज त्यावरून पसरला. चाचण्यांनी तो अर्धाच टिकवला. इराणमधील इन्स्पिरेशन चाचणीत अतिदक्षतेतील रुग्णांना मध्यम मात्रा देऊन काही साधले नाही (गुठळी, मृत्यू यांसारख्या घटनांचे एकत्रित प्रमाण ४५.७, नेहमीच्या मात्रेत ४४.१ टक्के). २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित आंतरराष्ट्रीय चाचणीत अतिदक्षतेतील १,०९८ रुग्णांत उपचारात्मक मात्रेने जगण्याचे प्रमाण वाढले नाही (६२.७ विरुद्ध ६४.५ टक्के). याउलट वॉर्डातील २,२१९ रुग्णांत अवयवांना यंत्रांचा वा औषधांचा कृत्रिम आधार न लागता वाचलेले ७६.४ वरून ८०.२ टक्के झाले. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण ०.९ वरून १.९ टक्क्यांवर गेले. ब्राझीलमधील चाचणीत गोळीच्या रूपातील रिव्हरोक्सॅबॅनने फायदा न होता रक्तस्राव वाढला. उपचारात्मक हेपारिनच्या ‘रॅपिड’ नावाच्या अभ्यासातील ४६५ रुग्णांत मुख्य निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या पक्का नव्हता, मृत्यू मात्र कमी होते.

या निष्कर्षांवरून आजचे बहुसंख्य मत असे की, ऑक्सिजन लागतो पण अतिदक्षता नको, डी-डायमर वाढलेले आहे आणि रक्तस्रावाचा धोका नाही, अशाच रुग्णाला उपचारात्मक मात्रा द्यावी. रुग्ण अतिदक्षता विभागात गेला की मात्रा खाली आणावी. आजार वाढला तर औषध कमी, हे ऐकायला उलटे वाटते. तोवर फुप्फुसातील सूक्ष्म वाहिन्यांचे नुकसान झालेले असते आणि हेपारिनचा वाटा रक्तस्रावाकडे झुकतो, हे स्पष्टीकरण संभाव्य मानले जाते. प्रस्तुत लेखकाचा कल याच बाजूला आहे. डी-डायमरचा आकडा वाचताना एकक पाहणे अगत्याचे : एक प्रयोगशाळा ‘एफईयू’त देते, दुसरी ‘डीडीयू’त आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. नमुने मुंबईला किंवा कोल्हापूरला जात असतील तर एकाच रुग्णाचे दोन कागद दोन भाषा बोलतात. इन्फ्लुएन्झातील उच्च मात्रेचा पुरावा तुटपुंजा आहे. तिथे प्रतिबंधक मात्रेवर थांबणे इष्ट.

कोकणातील विशेष : पावसाळ्यात, भातलावणीनंतरच्या दिवसांत, ताप, अंगदुखी, धाप घेऊन आलेला रुग्ण विषाणुजन्य न्यूमोनियाचाच असेल असे नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड हे लेप्टोस्पायरोसिसचे टापू. त्यात प्लेटलेट घसरतात आणि फुप्फुसातच रक्तस्राव होऊ शकतो. डेंग्यू त्याच हंगामात. उन्हाळ्याकडे, काजूच्या बागांत गोचिडींशी संबंध आलेल्या दोडामार्ग-सावंतवाडी भागातील रुग्णात माकडताप धरावा. २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. या तिन्हींत हेपारिन घातक ठरू शकते. म्हणून पहिल्या सुईआधी प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निदर्शक) पाहावे, तपासाचे उत्तर येईपर्यंत लघवी, हिरड्या, थुंकी यांवर नजर असावी.

किनाऱ्यावरील जुन्या डॉक्टरांना न साखळणाऱ्या रक्ताची ओळख फुरशामुळे आहे. फुरसे चावल्यावर कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि तिरपी करून पाहतात. न गोठल्यास सर्पविषरोधक लस. हीच नळी हेपारिन ‘लागू पडले का’ हे पाहण्यासाठी वापरण्याची सूचना कानावर येते. प्रतिबंधक एनॉक्सापरिनने ही नळी साधारणतः नेहमीसारखी गोठते, त्यामुळे तिच्यातून काहीच कळत नाही. त्यासाठी रक्तातील हेपारिनचा प्रभाव मोजणारी अँटी-एक्सए चाचणी लागते.

मोठा रक्तस्राव झाल्यास हेपारिनवरचा उतारा प्रोटॅमिन हा माशाच्या शुक्रातून मिळतो. एनॉक्सापरिनवर तो अर्धवटच चालतो, आणि मासळीची ॲलर्जी असलेल्यांत जपून द्यावा लागतो.

सिंधुदुर्गातील ओरोसहून गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला रुग्ण पाठवताना चिठ्ठीत ऑक्सिजन, रक्तदाब, औषधांची नावे असतात. शेवटची सुई किती वाजता, किती मिलिग्रॅमची दिली हे बहुधा नसते. पोहोचल्यावर तिकडे नव्याने सुई दिली की बारा तासांच्या आत दोन मात्रा पडतात. चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत वेळ लिहिण्याची पद्धत काही परिचारिकांनी स्वतःहून पाडली आहे. काही जणी ती रुग्णाच्या हातावरील चिकटपट्टीवर पेनने लिहून देतात.