कपाटातल्या बुटांचं वय

ऑक्टोबरात उत्तराखंडचा लांबचा ट्रेक ठरला, की जुने हायकिंग बूट कपाटातून बाहेर निघतात. उलटे करून तळ पाहिला जातो, नक्षी शाबूत दिसली की ‘चालतात अजून’ म्हणून सॅकशेजारी ठेवले जातात. पण बुटाचा निकाल तळावर लागत नाही. तो लागतो तळ आणि पाय यांच्या मधल्या फोममध्ये, म्हणजे मिडसोलमध्ये.

हा फोम बहुधा ईव्हीए (इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट) या प्लास्टिकचा असतो, नाहीतर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा. ईव्हीए चालण्याने संपतो. त्यात हवेच्या असंख्य बारीक पेशी असतात. प्रत्येक पावलाला त्या दबतात आणि पुन्हा फुगतात. पुढे त्यांच्या भिंती मुडपतात आणि फोम कायमचा बसतो. मग उतारावर शरीराचा आणि सॅकचा भार थेट टाचेला, गुडघ्याला जाणवू लागतो.

पीयू जास्त दणकट, म्हणून जड ओझ्याच्या बुटांत तो वापरतात. त्याचा शत्रू हवेतलं बाष्प. पॉलिएस्टर प्रकारच्या पीयूमधले एस्टर बंध, म्हणजे रेणूंची साखळी जोडून ठेवणारे दुवे, पाण्याने तुटतात. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बंध तुटताना आम्ल तयार होतं आणि ते उरलेले बंध आणखी वेगाने तोडतं. बूट पायात असो वा खोक्यात, ही क्रिया चालूच राहते. म्हणून वर्षानुवर्षं न वापरलेल्या, नव्या दिसणाऱ्या बुटाचा मिडसोल पहिल्याच चढावर शिळ्या बिस्किटासारखा भुगा होऊ शकतो.

नागपुरात हे जास्त मनावर घ्यायला हवं. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो, आणि ढोबळमानाने 10 अंश तापमान वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. बाहेरची हवा कोरडी असते हे खरं. पण घरात कूलर दिवसभर ओलसर हवा सोडत असतो. त्यापाठोपाठ पावसाळा येतो. त्यात बूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकले असतील, तर ओल आतच कोंडते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ते कधीच ठेवू नयेत. तळ चिकटवणारा गोंदही उष्णतेने सैल पडतो.

तपासणी घरीच होते. मिडसोल बाजूने अंगठ्याने दाबा. तो निबर लागला, आडव्या सुरकुत्या पक्क्या बसलेल्या दिसल्या, तर ईव्हीए बसला आहे. भेग, चिकटपणा किंवा भुकटी दिसली तर पीयू गेला. तो बूट ट्रेकला नेऊच नका. सपाट फरशीवर ठेवून मागून पाहा: बूट एका बाजूला कलला असेल तर घोटाही तसाच कलेल. सगळं ठीक वाटलं तरी भरलेली सॅक घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढून-उतरून या. पूर्वी न दुखणारा तळवा किंवा गुडघा दुखला, तर बूट बदला.

फक्त नक्षी झिजली असेल आणि मिडसोल चांगला असेल, तर काही बुटांना नवा तळ बसवता येतो. मिडसोलच ठिसूळ झाला असेल तर चांभाराने कितीही चांगला गोंद लावला तरी उपयोग नाही, कारण गोंद ज्याला धरणार तोच तुटतोय.

नवे घ्यायचे तर निदान महिनाभर आधी, संध्याकाळी, ट्रेकचे मोजे घालून घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि लांब चालीत आणखी सुजतात. उतारावर बोटं पुढे आदळू नयेत म्हणून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. वजनही पाहा: पायातल्या एका किलोला पाठीवरच्या एका किलोपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. म्हणून पीयूचा जड बूट प्रत्येकाला हवाच असं नाही. सॅक हलकी असेल तर ईव्हीएचा हलका बूट पुरतो.