विषयटॅग

विषयटॅग : मेलिंग लिस्टच्या (एका पत्त्यावर आलेले ई-मेल सर्व सभासदांना पोचवणाऱ्या यादीच्या) सर्व्हरने सभासदांकडे ई-मेल पाठवताना विषयाआधी आपोआप जोडलेली, बहुधा चौकटी कंसातली खूण. उदा., [केळी-चर्चा], [माजी-विद्यार्थी]. पत्र खाजगी नसून लिस्टवरचे आहे, आणि कोणत्या लिस्टवरचे आहे, हे ते उघडण्यापूर्वीच कळावे हा तिचा हेतू. पत्रलेखक स्वतः टाकतो त्या [निविदा], [विचारणा] अशा खुणा दिसायला सारख्याच असल्या तरी त्या मजकुराबद्दल सांगतात, लिस्टबद्दल नाही. प्रस्तुत नोंदीत ‘टॅग’ हा शब्द सर्व्हरने जोडलेल्या खुणेसाठीच वापरला आहे. टॅग असावा की नसावा, हा वाद जुना आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या खान्देशी जिल्ह्यांतल्या मराठी लिस्टांच्या बाबतीत देवनागरी लेखनामुळे त्याला आणखी काही पदर सुटतात.

इतिहास : मेलिंग लिस्ट टॅगपेक्षा जुनी. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर एमएसजीग्रुप ही लिस्ट १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हा सभासदांची यादी माणसेच सांभाळत. लिस्ट चालवणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल दोन मते आढळतात. बिटनेट या विद्यापीठांच्या संगणकजाळ्यावर ‘लिस्टसर्व्ह’ या नावाची सेवा १९८४ च्या सुमारास होती आणि तिच्यामागे आयरा फुक्स यांचे नाव घेतले जाते; परंतु सभासदत्वाची मागणी माणसाच्या मध्यस्थीवाचून हाताळणारा त्याच नावाचा प्रोग्राम एरिक थॉमस यांनी १९८६ मध्ये पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना लिहिला. आज ज्याला लिस्ट-प्रणाली म्हणतात ती थॉमस यांच्या प्रोग्रामपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रेंट चॅपमन यांची मेजरडोमो (१९९२) आणि नंतरची मेलमन या लिस्ट-प्रणालींनी टॅग ही लिस्टचालकाने भरायची एक साधी नोंद करून टाकली, आणि तिचा प्रसार बहुधा यामुळेच झाला. मेलमनमध्ये टॅगसोबत पत्राचा अनुक्रमांकही घालता येतो.

भारतात बहुतेकांना टॅगची ओळख याहू ग्रुप्समधून झाली. तेथे गटाचे नाव कंसात येऊन बसे आणि ते काढता येते, हे पुष्कळ गटचालकांच्या गावीही नसे. ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली.

दुसरी परंपराही तितकीच जुनी आहे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) मुख्य लिस्टवर सर्व्हर विषयाला हात लावत नाही. ‘पॅच’ (प्रोग्राममध्ये सुचवलेला बदल) ही कंसातली खूण आणि तिचा क्रमांक पत्रलेखकच घालतो. अशा बदलांची नोंद ठेवणारी ‘गिट’ ही प्रणाली पत्रातून पॅच उचलताना सुरुवातीचे कंस गाळून टाकते, म्हणजे खूण वाहतुकीपुरती राहते आणि नोंदीत उरत नाही. पायथन भाषेच्या लिस्टांवर मात्र टॅगची प्रथा होती.

हेडरमधील पर्याय : लिस्टची ओळख विषयात न घालता वेगळ्या हेडरमध्ये (पत्राच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळीत) ठेवण्याची सोय आरएफसी २३६९ (१९९८) आणि आरएफसी २९१९ (मार्च २००१) या दोन दस्तऐवजांनी केली. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज.) पहिल्यात सभासद होणे, बाहेर पडणे, संग्रह पाहणे यांचे पत्ते देणारी हेडरे आहेत, दुसऱ्यात ‘लिस्ट-आयडी’. लिस्ट-आयडीचे दोन भाग असतात. आधी माणसाने वाचायचे वर्णन आणि मग कोनी कंसात यंत्राने वाचायचे ओळखनाम, जे २५५ बाइट्सपेक्षा मोठे असता कामा नये. वर्णन बदलले तरी चालते. ओळखनाम मात्र लिस्ट दुसऱ्या सर्व्हरवर गेली तरी तेच राहावे, अशी अपेक्षा आहे. फिल्टर या ओळखनामावर लावला की पत्रे आपापल्या फोल्डरमध्ये जातात.

सरकारी कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात ही विभागणी फार पूर्वीपासून आहे. जळगावच्या किंवा धुळ्याच्या कोणत्याही कार्यालयाचे पत्र घेतले तर कार्यालयाची व शाखेची ओळख जावक क्रमांकात असते, आधीच्या पत्रांचा धागा ‘संदर्भ’ या ओळीत असतो, आणि ‘विषय’ या ओळीत केवळ कामाचा मजकूर येतो. आवक-जावक सांभाळणारा लिपिक शाखेचे नाव विषयात लिहीत नाही. लिस्ट-आयडी म्हणजे जावक क्रमांक आणि ‘रेफरन्सेस’ हे हेडर म्हणजे संदर्भ, असे मानले तर टॅगविरोधकांचे म्हणणे मराठी वाचकाला फारसे समजावून सांगावे लागत नाही.

देवनागरी टॅग : ई-मेलची हेडरे मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली. आरएफसी २०४७ (१९९६) नुसार इतर लिपींचा विषय सांकेतिक तुकड्यांत बदलून पाठवावा लागतो आणि एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा लांब चालत नाही. त्यांतली १२ चिन्हे यूटीएफ-८ (अक्षरे बाइट्समध्ये मांडण्याची पद्धत) व बेस-६४ (ते बाइट्स साध्या इंग्रजी चिन्हांत लिहिण्याची पद्धत) यांची नावे आणि सुरुवात-शेवटच्या खुणा यांत खर्च होतात. उरलेल्या ६३ पैकी, बेस-६४ चारच्या पटीत चालत असल्याने, ६० वापरता येतात. त्यांत ४५ बाइट्स मावतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेते. म्हणजे एका तुकड्यात १५ चिन्हे. [जळगाव-केळी] हा टॅग एकटाच ३० बाइट्स खातो, आणि विषय सुरू होता होता पहिला तुकडा संपत येतो. तुकडे जोडून वाचण्याचे काम प्रोग्राम करतो, तेव्हा वाचकाला हे दिसू नये. सदोष प्रोग्राममध्ये मात्र शब्दाच्या मधोमध मोकळी जागा किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. हेडरांत थेट यूटीएफ-८ ठेवण्याची मुभा आरएफसी ६५३२ (२०१२) ने दिली, पण तिला वाटेतल्या सर्व सर्व्हरांची साथ लागते.

युनिकोड ही सर्व लिपींची सामायिक संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वी अडचण वेगळीच होती. श्रीलिपीसारख्या फॉन्टांत लिहिलेले मराठी त्या फॉन्टाशिवाय वाचता येत नाही आणि विषयाला फॉन्ट लावण्याची सोयच नसते. परिणामी अक्षरांऐवजी रोमन चिन्हांची खिचडी दिसे. विषय व टॅग रोमनमध्ये लिहिण्याची सवय त्या काळातली असावी. ती अजून सुटलेली नाही.

यापेक्षा नाजूक प्रश्न शब्दलेखनाचा. ‘खान्देश’ आणि ‘खानदेश’ ही दोन्ही रूपे छापील मराठीत चालतात. वाचकाला फरक पडत नाही, परंतु टॅगवर लावलेला फिल्टर अक्षरशः जुळणी करतो आणि एक रूप पकडून दुसरे सोडतो. सर्व्हर नेहमी एकच रूप जोडतो हे खरे. पण लिस्टचालक बदलला की तेही बदलू शकते. ‘बऱ्हाणपूर’ हे नाव आणखी अवघड. एकेकाळी खान्देशच्या फारूकी सुलतानांची राजधानी असलेले हे गाव आज मध्य प्रदेशात आहे, पण रावेर-यावलचा केळी उत्पादक भावासाठी अजून तिकडे पाहतो. त्यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१), हलन्त आणि ह; दुसऱ्यात साधा र, हलन्त, शून्यरुंदी जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात शब्दाची ९ चिन्हे व २७ बाइट्स होतात, दुसऱ्यात १० चिन्हे व ३० बाइट्स. युनिकोडचे प्रमाणित रूप करण्याची प्रक्रियाही या दोहोंना एक मानत नाही. जोडचिन्ह गाळले तर रफार येऊन ‘बर्हाणपूर’ असे तिसरेच रूप तयार होते, आणि तेही सर्रास आढळते. ‘शेतकऱ्यांसाठी’ या टॅगची गत हीच. देवनागरी टॅग ठेवायचाच असेल तर त्यात ऱ्य, ऱ्ह असलेला शब्द नसावा.

नावे बदलतात हा आक्षेप खान्देशात कल्पनेतला नाही. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे पूर्व खान्देश जळगाव झाला आणि पश्चिम खान्देश धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. १९९० मध्ये स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने ओळखले जाते आणि ‘उमवि’ या जुन्या संक्षेपाच्या जोडीला ‘कबचौउमवि’ आला. जुन्या संक्षेपाचा टॅग असलेल्या एखाद्या लिस्टने तो बदलला, तर प्रत्येक सभासदाला आपला फिल्टर पुन्हा लिहावा लागेल, आणि संग्रहात एकाच चर्चेची पत्रे दोन टॅगांखाली विखुरतील. न बदलणारे ओळखनाम हवे, असे आरएफसी २९१९ का म्हणते ते येथे दिसते.

उत्तरांची साखळी : उत्तर देताना विषयाआधी ‘री:’ येते. टॅग तिच्या आधी ठेवावा की नंतर, यावर प्रणालींत एकवाक्यता नाही. टॅग आधीच आहे का, हे न पाहणारा सर्व्हर दर फेरीला नवा टॅग चढवतो. आरएफसी ५२५६ (२००८) मध्ये मूळ विषय शोधण्याची रीत दिली आहे. ती सुरुवातीचे ‘री’, ‘एफडब्ल्यूडी’ आणि चौकटी कंसातला मजकूर सोलून काढते. कंसात देवनागरी असली तरी तिला अडचण नाही. गोल कंस किंवा केवळ विसर्गासारखे चिन्ह (:) वापरणाऱ्या टॅगांना मात्र हा लाभ नाही.

स्वाक्षरी व टॅग : अलीकडे वादाचे पारडे सोयीपेक्षा याच मुद्द्यावर झुकते. डीकेआयएम (आरएफसी ६३७६, २०११) या पद्धतीत पाठवणाऱ्याचा सर्व्हर निवडक हेडरांवर व मजकुरावर सांकेतिक स्वाक्षरी करतो, आणि त्या हेडरांत विषय जवळपास नेहमीच असतो. मोकळ्या जागेतला फरक खपवून घेण्याची सूट या पद्धतीत आहे, शब्द वाढवण्याची नाही. त्यामुळे टॅग लागताच स्वाक्षरी खोटी ठरते. पत्र लिस्टच्या सर्व्हरवरून आल्याने एसपीएफची (पाठवणाऱ्या सर्व्हरला डोमेनची परवानगी आहे का, याची) तपासणी लेखकाच्या डोमेनशी, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाशी, जुळत नाही. उरलेला एकमेव पुरावा टॅगने घालवलेला असतो. लेखकाच्या डोमेनने डीमार्कचे (दोन्ही पुरावे फसले तर पत्राचे काय करावे हे सांगणाऱ्या पद्धतीचे) कडक धोरण लावले असेल तर घेणारा सर्व्हर पत्र नाकारतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आणि पाठोपाठ एओएलने असे धोरण लावले, तेव्हा जगभरच्या लिस्टांवर पत्रे परत येऊ लागली. गंमत अशी की, शिक्षा पत्र पाठवणाऱ्याला न होता घेणाऱ्यांना झाली, कारण परत आलेली पत्रे मोजून सर्व्हर त्यांचे सभासदत्व स्थगित करत होते.

यावर तीन तोडगे निघाले. पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचाच पत्ता लिहिणे हा सर्वांत रूढ. त्यात पत्र कोणाचे हे धूसर होते आणि खाजगी उत्तर चुकून सर्वांना जाण्याची शक्यता वाढते. एआरसी (आरएफसी ८६१७, २०१९) ही मधल्या सर्व्हरांच्या साक्षींची साखळी. ती प्रायोगिक दर्जाची आहे. तिसरा तोडगा म्हणजे विषय व मजकूर यांना हातच न लावणे, टॅग नाही आणि तळटीपही नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क तिन्ही आवश्यक केल्यामुळे या तोडग्याचे वजन वाढले आहे.

मतांतरे : टॅगच्या बाजूने मुख्य युक्तिवाद माणसाच्या सवयीचा आहे. हेडर कोणी उघडून पाहत नाही, फिल्टर लावणारे थोडे, आणि फोनवरच्या अनेक अ‍ॅप्समध्ये लिस्ट-आयडीवर फिल्टर लावण्याची सोय नसते. चार-पाच लिस्टांचा सभासद असलेल्या प्राध्यापकाला इनबॉक्समध्ये खूण हवी असते, हे मान्य करावे लागते. विरोधी पक्षाचे म्हणणे असे की त्याच फोनवर विषयाची जागा सर्वांत तोकडी असते. ‘[खान्देश-केळी-उत्पादक] रावेर भाव घसरला’ या विषयातला भाव कापला जातो आणि सर्वांना आधीच ठाऊक असलेले लिस्टचे नाव तेवढे उरते. एकाच लिस्टच्या सभासदाला तर टॅगचा काहीच उपयोग नसतो.

एकंदरीत दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते, विशेषतः स्वाक्षरीच्या मुद्द्यामुळे. टॅग ठेवायचाच झाला तर तो पाच-सहा अक्षरांचा, एकाच लिपीतला, जिल्ह्याच्या वा संस्थेच्या नावाऐवजी विषयावर बेतलेला असावा. लेखकाने घातलेल्या [बैठक], [निविदा] यांसारख्या खुणांना या आक्षेपांपैकी बहुतेक लागू होत नाहीत. त्या पाठवण्यापूर्वीच विषयात असल्याने स्वाक्षरी अबाधित राहते, आणि पत्र आत्ता वाचायचे की नंतर, हे ठरवायला त्यांचीच मदत होते. मराठीखेरीज अहिराणी, लेवा बोली, भिली वा पावरीतूनही लिहिले जाणाऱ्या लिस्टवर पत्राची भाषा सांगणारी खूणही याच प्रकारे घालता येते.

संबंधित प्रथा : दक्षिण कोरियात जाहिरातीच्या ई-मेलच्या विषयात ‘जाहिरात’ या अर्थाची खूण कायद्याने बंधनकारक आहे. भारतात ई-मेलसाठी असा नियम नाही. एसएमएसबाबत मात्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने पाठवणाऱ्याच्या नावाअखेर पी, एस, टी किंवा जी हे अक्षर ठरवून दिले आहे. त्यांचा अर्थ अनुक्रमे प्रचारात्मक, सेवाविषयक, व्यवहारविषयक व शासकीय. ही खूण नावाला लागते. संदेशाच्या मजकुरात तिला जागा नाही.