आजी-आजोबांच्या धर्मावर अडलेली डॉक्टरकी

हिटलर 30 जानेवारी 1933 ला चॅन्सेलर झाला आणि तीन महिने पुरे व्हायच्या आत, 25 एप्रिलला, जर्मन शाळा-विद्यापीठांतली ‘गर्दी’ कमी करणारा कायदा आला. नाव गर्दीचं, रोख ज्यूंवर. नव्या प्रवेशांत ‘अनार्य’ विद्यार्थी दीड टक्क्याच्या वर नकोत, एकूण पटावर पाच टक्क्यांच्या वर नकोत. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांच्या मुलांना यातून सूट होती. आई-वडिलांपैकी एक जण ‘आर्य’ असलेल्या मुलांनाही होती. आई ज्यू, वडील ख्रिस्ती अशा घरातल्या अनेक पोरांना तेव्हा वाटलं असेल, आपण वाचलो.

वैद्यकशाखेत हे फार काळ टिकणार नव्हतं. 1933 च्या जर्मनीत सुमारे आठ हजार ज्यू डॉक्टर होते, आणि बर्लिनसारख्या शहरात तर त्यांचं प्रमाण खूपच मोठं. महामंदीच्या त्या वर्षांत नव्याने पास झालेल्या ‘आर्य’ डॉक्टरांना जागा मिळत नव्हत्या. शेजारचा दवाखाना बंद पडला तर पेशंट आपल्याकडे येतील, हा हिशेब करायला वंशशास्त्र वाचावं लागत नाही. पुढे जर्मन डॉक्टरांपैकी जवळजवळ निम्मे नाझी पक्षाचे सदस्य झाले. यामागे निव्वळ विचारसरणी होती असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं, धंदाही होताच.

‘ज्यू कोण’ याचं उत्तर सप्टेंबर 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आणि 14 नोव्हेंबरच्या पूरक नियमांनी ठरवलं. तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असतील तर माणूस ज्यू. दोन असतील आणि तो स्वतः ज्यू धर्मसंस्थेचा सदस्य नसेल, ज्यू जोडीदाराशी लग्नही केलेलं नसेल, तर तो पहिल्या दर्जाचा ‘मिश्लिंग’, म्हणजे मिश्रवंशीय. एक असेल तर दुसऱ्या दर्जाचा. रक्ताच्या शुद्धतेचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या राजवटीला ते रक्त तपासायची कुठलीही युक्ती सापडली नव्हती. शेवटी पुरावा कसला, तर चर्चच्या वहीतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि आजोबा सिनॅगॉगचे सदस्य होते की नाही याचा दाखला. 1939 च्या जनगणनेत पहिल्या दर्जाचे सुमारे 70 हजार आणि दुसऱ्या दर्जाचे सुमारे 40 हजार लोक मोजले गेले. त्यांतले बरेच जन्मापासून प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक होते.

खरा खुट्टा मारला तो डिसेंबर 1935 च्या डॉक्टरांविषयीच्या कायद्याने. स्वतःच्या वंशामुळे ज्याला सरकारी अधिकारी होता येत नाही, त्याला डॉक्टरकीचा परवाना नाही. जोडीदाराच्या वंशामुळे अडत असेल तरीही नाही. म्हणजे वॉर्डात फिरा, शवविच्छेदन करा, प्रोफेसरांच्या मागे उभे राहून नोंदी घ्या, आणि एवढं सगळं करून परवान्याच्या दारात थांबा. पूर्ण बंदीपेक्षा ही अर्धी मुभा जास्त कावेबाज होती, कारण ती माणसाला आशेवर ठेवून त्याची वर्षं खात होती.

हॅम्बुर्गच्या इंगेबोर्ग सिल्म यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. जन्म 1912 चा, तेव्हाची जर्मन वसाहत असलेल्या कॅमेरूनमधल्या क्रिबीचा. आई पियानोवादक आणि ज्यू वंशाची. लेक वाढली प्रोटेस्टंट म्हणून. हॅम्बुर्ग विद्यापीठात शिकून त्यांनी 1937 मध्ये राज्य परीक्षा दिली आणि शहरातल्या ज्यू रुग्णालयात कामाला लागल्या. एकीकडे वैद्यकातल्या डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला, विषय घटसर्प. आज लसीमुळे आपण हा रोग विसरलोय, पण तेव्हा युरोपात मुलं दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी ते एक होतं.

प्रबंध 1938 मध्ये सादर झाला. मार्गदर्शक होते बालरोगतज्ज्ञ रुडॉल्फ डेग्कविट्झ. परीक्षेच्या कागदांवर पिवळा पट्टा मारला गेला आणि वांशिक कारणावरून तोंडी परीक्षा नाकारली गेली. तोंडी नाही म्हणजे पदवी नाही. डेग्कविट्झ यांनी एक लेखी दाखला दिला: सध्याच्या कायद्यांमुळे कुमारी सिल्म यांना त्यांच्या वंशापायी परवानगी देता येत नाही, ती अडचण नसती तर हा प्रबंध आपण स्वीकारला असता. एवढाच तो कागद.

या डेग्कविट्झांचीही गोष्ट सरळ नाही. 1923 च्या म्युनिकमधल्या फसलेल्या उठावात ते हिटलरच्या बाजूने होते. पुढे मत फिरलं. नाझींनी चालवलेल्या अपंग मुलांच्या हत्येला त्यांनी विरोध केला, 1943 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना पकडलं आणि 1944 मध्ये त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. अशा माणसाला एका रकान्यात बसवता येत नाही, आणि बसवायची घाईही करू नये.

सिल्म 1938 मध्येच अमेरिकेला निघून गेल्या. जर्मन शिक्षण तिथे पुरेसं धरलं गेलं नाही. फिलाडेल्फियातल्या महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा शिकून त्या एम.डी. झाल्या. सिनसिनाटीत त्यांनी व्हिएन्नाचे जीवरसायनशास्त्रज्ञ सॅम्युअल मित्या रापोपोर्ट यांच्याशी लग्न केलं. दोघेही कम्युनिस्ट, त्यामुळे कम्युनिस्टांना हुडकून काढण्याच्या मॅकार्थीच्या काळात तिथूनही बिऱ्हाड हललं. 1952 पासून मुक्काम पूर्व बर्लिनला. तिथल्या शारिटे रुग्णालयात त्या नवजात शिशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

मागे राहिलेल्यांभोवतीचा फास वर्षागणिक आवळत गेला. नोव्हेंबर 1938 नंतर ज्यू विद्यार्थ्यांना विद्यापीठं साफ बंद झाली. मिश्रवंशीयांना मंत्रालयाची परवानगी मागावी लागू लागली, आणि पहिल्या दर्जाच्यांना ती मिळणं दिवसेंदिवस दुरापास्त झालं. एप्रिल 1940 मध्ये लष्करानेही त्यांना काढून टाकायचा हुकूम काढला. हान्स लाइपेल्ट हा हॅम्बुर्गचाच मुलगा, डॉक्टरकीचा नव्हे, रसायनशास्त्राचा. पोलंड-फ्रान्सच्या मोहिमांत लढून आयर्न क्रॉस हे लष्करी पदक मिळवलं, आणि आई ज्यू वंशाची म्हणून फौजेतून घरी पाठवला गेला. म्युनिकला नोबेल विजेते हाइनरिश वीलांड यांनी अशा काही विद्यार्थ्यांना आपल्या संस्थेत आसरा दिला होता, त्यांत तो होता. ‘व्हाइट रोझ’ या नाझीविरोधी विद्यार्थी गटाचं शेवटचं पत्रक त्याने मित्रमैत्रिणींसह पसरवलं. घरी 1942 मध्ये वडील गेले आणि त्यांच्या ‘आर्य’ असण्याने आईला मिळणारं संरक्षणही गेलं. ती पुढे गेस्टापोच्या कोठडीत वारली. हान्सला 29 जानेवारी 1945 ला ठार मारलं. वीलांड त्याच्या खटल्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले होते, हेही नोंदवायला हवं. त्या काळात ती साधी गोष्ट नव्हती.

जानेवारी 1942 च्या वानझे बैठकीत, म्हणजे ज्यूंच्या संहाराची आखणी करणाऱ्या नाझी अधिकाऱ्यांच्या बैठकीत, मिश्रवंशीयांचं काय करायचं यावर खल झाला. पहिल्या दर्जाच्यांची नसबंदी करावी, असा एक प्रस्ताव होता. ज्यांना डॉक्टर होऊ दिलं नाही त्यांच्यावर डॉक्टरांकरवीच हे करायचं! निर्णय शेवटपर्यंत लागला नाही. 1944 पासून यांतल्या अनेक पुरुषांना ऑर्गनायझेशन टोट या नाझी बांधकाम संघटनेच्या सक्तीच्या मजुरीवर धाडलं गेलं.

युद्धानंतर विद्यापीठांनी असे जुने हिशेब मिटवायला भलताच वेळ घेतला. सिल्म-रापोपोर्ट यांची हकीकत हॅम्बुर्गच्या वैद्यकीय विद्याशाखेचे डीन उवे कोख-ग्रोमुस यांच्यापर्यंत पोचली तेव्हा त्या शंभरी ओलांडून गेल्या होत्या. मानद पदवी देऊन विषय संपवणं सोपं होतं. पण जे अडवलं गेलं ती तोंडी परीक्षा होती, तेव्हा परीक्षाच व्हायला हवी असं ठरलं. नजर जवळजवळ गेलेली. घटसर्पाविषयी गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत काय नवं कळलं ते मित्रमंडळींनी शोधून त्यांना सांगितलं. मे 2015 मध्ये तीन प्राध्यापक बर्लिनला त्यांच्या घरी गेले आणि बैठकीच्या खोलीत पाऊण तास प्रश्न विचारले. त्या पास झाल्या. 9 जूनला हॅम्बुर्गमध्ये पदवी मिळाली तेव्हा वय होतं 102. ही परीक्षा आपण स्वतःसाठी दिली नाही, त्या काळात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी दिली, असं त्यांनी सांगितलं. मार्च 2017 मध्ये त्या गेल्या.